चावीवाल्याचं कासव

चंदर सोनावळे रेल्वेतून निवृत्त झाला आणि त्या दिवसापासून दहिवलीतल्या त्याच्या घरात एकाही वस्तूला सुखानं उभं राहता येईना. पहाटे उठून, तोंडावर पाणी मारून हा गृहस्थ हातात हातोडा घेऊन घरभर फिरायचा. दाराच्या बिजागऱ्या, पलंगाचे पाय, गच्चीचा जिना, जे दिसेल त्याला दोन टोले. टोला मारायचा, मान तिरकी करून आवाज ऐकायचा, "घट्ट हाय" म्हणायचा आणि पुढं सरकायचा. सून भाग्यश्रीनं हौसेनं नवं कपाट आणलं, तर त्या कपाटाचं स्वागतसुद्धा हातोड्यानंच झालं.

"अवं," पारूबाई, म्हणजे त्याची बायको, ओट्यापासून ओरडली, "घरात आता मीच काय ती ऱ्हायलेय. मला पण ठोकून बगा, सैल झालेय का!"

"तू कसली सैल व्हतेस गं," चंदर म्हणाला. "तुजी चावी जन्माची घट्ट हाय."

चावीची गोष्ट अशी. छत्तीस वर्षं चंदर घाटात चावीवाला होता. कर्जतहून लोणावळ्याकडे चढणाऱ्या लाईनीवर ठाकुरवाडीच्या आसपासचा पाच-सहा किलोमीटरचा तुकडा त्याचा. त्याला बीट म्हणतात. रूळ जागचे हलू नयेत म्हणून खाली ज्या लोखंडी चाव्या ठोकलेल्या असतात, त्या गाड्यांच्या हादऱ्यानं सैल होतात. मग रोज सकाळी हातोडा, पाना आणि लाल झेंडी घेऊन एक माणूस ते सगळं अंतर चालत जातो, सैल चावी आवाजावरून ओळखतो आणि ठोकून बसवतो. गाडीत लोक वडे खात, पत्ते कुटत पुण्याला जातात. त्यांना या माणसाचा पत्ता नसतो, आणि नसतो तेच बरं. चावीवाल्याचं नाव पेपरात आलं तर बातमी सहसा चांगली नसते.

निवृत्तीच्या दिवशी हातोडा सरकारजमा झाला. दांडा मात्र खैराचा, चंदरनं स्वतः तासलेला, हाताच्या घामानं काळा झालेला. साहेब म्हणाले, दांडा न्या. चंदरनं बाजारातून हातोडा आणला, त्यात तो दांडा बसवला आणि वर सांगितल्याप्रमाणे घराचा छळ सुरू केला.

मुलगा कपिल खोपोलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. सरळ पोरगा, पण बापाला दिवसातून दहादा सांगायचा, "बाबा, आता बसा. आराम करा." 'बसा' हा शब्द चंदरला शिवीसारखा लागायचा. सकाळ झाली की पाय चालायला मागत आणि चालायला कारण नसे. नुसतं फिरायला जाणारी माणसं त्याला कधी कळलीच नाहीत. जिथं काही सैल होत नाही तिथं चालायचं कशाला? हे तो कुणाला बोलला नाही, पण वर्षभरात त्याचं जेवण अर्ध्यावर आलं होतं आणि पारूबाईच्या ते ध्यानात होतं.

त्यात मेच्या सुरुवातीला तो लोधिवलीला आबाजीकडे गेला. आबाजी त्याचा जुना दोस्त, मुंबईच्या एका मालकाच्या बंगल्यावर वॉचमन. बंगल्याच्या ओट्यावर दोघं चहा पीत बसले होते. मागून आवाज आला. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक.

चंदरनं कप खाली ठेवला. "आबाजी, कोण ठोकतंय रं?"

"मालकाचं कासव हाय. बंगला इकला, सोफं नेलं, झुंबर नेलं, ह्याला नाय नेलं. नवा मालक सांगतो, टाक नदीत. माजं मन नाय व्हत. रिकाम्या हौदात पडलंय महिनाभर. पाव घालतो."

पोहण्याचा कोरडा हौद. निळ्या फरशा, कोपऱ्यात पालापाचोळा, आणि त्यात परातीएवढं एक मातकट कासव. ते भिंतीला डोकं लावून ढकलत होतं. पाय घसरायचे, पाठ भिंतीवर आपटायची, ठक. मग दोन पावलं पुढं आणि पुन्हा ढकलणं. चंदर हौदाच्या कडेला उकिडवा बसला आणि त्याला खाली एक गोष्ट दिसली. फरशीवर चारी भिंतींच्या कडेनं एक मळकी रेघ उमटली होती. महिनाभर रोज त्याच वाटेनं चालून चालून पडलेली. घाटात रुळाच्या कडेला अशीच एक पायवाट आहे, आणि ती चंदरच्या बुटांनी पाडलेली आहे.

"आरं, ह्ये बीट चालतंय," चंदर म्हणाला. "बिचाऱ्याला कुणी रिटायर केलंय, ह्याला ठाव नाय."

तासाभरात गल्लीतल्या गजाचा टेंपो लोधिवलीला आला आणि कासव दहिवलीकडे निघालं. वाटेतच त्याचं नाव ठरलं. घाट चढताना गाडीला मागून ढकलायला कर्जतला जास्तीची इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. टेंपोच्या फाळक्याला डोकं लावून हे जनावर कर्जतपर्यंत ढकलत आलं, तेव्हा दुसरं नाव सुचणारच नव्हतं.

घरी जायच्या आधी बँकरला कर्जतच्या डॉक्टर हर्षलाबाईंकडे नेलं. जनावरांच्या डॉक्टर, वयानं लहान, बोलायला चोख. त्यांनी बँकरला उलटसुलट करून पाहिलं, तोंड उघडून पाहिलं, वजन केलं. अठरा किलो.

"काका, हे आपल्याकडचं नाही. आफ्रिकेतलं आहे, वाळवंटाच्या कडेचं. याला पोहता येत नाही. नदीत टाकलं असतं तर धोंड्यासारखं तळाला गेलं असतं. आणि पाव? याला गवत लागतं. गवत आणि पाला, बस."

"मंग ह्याला मी ठेवतो," चंदर म्हणाला.

"तसं ठेवता येत नाही. आपल्याकडचं चांदणी कासव असतं तर थेट वनखात्याकडे द्यावं लागलं असतं. हे परदेशी आहे, जुन्या मालकाकडून लिहून घ्यायचं, रीतसर नोंद करायची, मग ठेवता येईल. पण खरी अडचण ती नाही. हे कोरड्या मुलखातलं जनावर, आणि तुमच्याकडे चार महिने आभाळ फाटलेलं. ओल्यात राहिलं की याची छाती धरते, पाय सडतात. प्राण्यांच्या एका केंद्रात मी विचारलंय. ते घ्यायला तयार आहेत."

"पाण्याचं मला नका सांगू, मॅडम. घाटातलं पाणी मी छत्तीस वर्सं वाटंला लावलंय."

डॉक्टरबाई हसल्या. पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काहीतरी होतं, आणि त्या माणसांच्याही थोड्या डॉक्टर असाव्यात. "ठीक. बाहेर त्याच्यासाठी चांगलं कुंपण बांधा, आत कोरडं घर करा. पंधरा दिवसांनी रविवारी मी येते. पसंत पडलं तर राहील. नाही तर सोमवारी केंद्राची गाडी येईल."

घराच्या मागं अंगण होतं, बरंच मोठं. पण त्या अंगणाचं भवितव्य आधीच ठरलेलं होतं. कपिलनं गाडी बुक केली होती आणि मागं तिच्यासाठी पत्र्याची शेड घालायची होती.

"बाबा, तिथं गाडी यायचीय," कपिल म्हणाला.

"गाडी रस्त्यावर ऱ्हाते. कासव ऱ्हात नाय."

"आणि मॅडमला पसंत नाही पडलं तर?"

"तर तुज्या शेडचं खांब मी सोता ठोकून दीन."

कपिलनं विषय तिथंच सोडला. बाप वर्षभरात पहिल्यांदा एवढ्या जोरात बोलला होता.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात घाट अवतरला. चंदरनं रूळ सांभाळणाऱ्या गँगमधले दोन जुने सोबती बोलावले. कासव खणतं म्हणून भिंतीचा पाया दोन हात खाली नेला. वर कमरेच्या खाली येईल एवढा काळ्या दगडाचा कोरडा बांध, ना चुना ना सिमेंट, दगडात दगड आणि फटीत चिपा. घाटात दरडीखाली असेच बांध घालतात, आणि नीट घातला तर बांध घालणारा मरतो, बांध मरत नाही. बांधाला एकही कोपरा नव्हता. आयताच्या चारी टोकांना छान गोल वळणं. शेजारच्या जयवंताबाईंनी विचारलं, हे असं वाकडं का? चंदर म्हणाला, "रुळाला कुटं काटकोन असतो का?"

जयवंताबाई खरं तर हळद-कुंकू घेऊन आल्या होत्या. देवळाच्या दारात कासव असतं, तेव्हा याच्या पाठीवरही दोन बोटं ओढावी असा त्यांचा विचार. चंदरनं हात जोडले. "बाई, ह्याला हळद-कुकू नको. ह्याला गवत आणा." त्या दिवसापासून जयवंताबाई रोज सकाळी भारा आणू लागल्या. तेवढाच देव पावला, असं त्या म्हणत.

आता उरला पाण्याचा प्रश्न, आणि इथं चंदरनं आपली सगळी विद्या पणाला लावली. पाणी साठू द्यायचं नाही, तर काय हवं? खडी! छत्तीस वर्षांत त्यानं रुळाखालच्या खडीवर पाणी साठलेलं एकदाही पाहिलं नव्हतं. चौक गावाजवळच्या क्रशरवरून गजाच्या टेंपोनं तीन खेपा खडी आली. चंदरनं ती आतल्या जमिनीवर वीतभर पसरली, दोऱ्यानं पातळी घेतली, कडा तासून उतार दिला. शुक्रवारी संध्याकाळी काम संपलं तेव्हा तो कंबरेवर हात ठेवून बराच वेळ बघत उभा राहिला. इतकी सुंदर खडी घाटातसुद्धा नव्हती.

पारूबाई बाहेर आली. तिनं एकदा सगळीकडे पाहिलं.

"अवं," ती म्हणाली, "समदं झाक झालंय. तेवढं रूळ टाकायचं इसरलात."

भाग्यश्री तोंडाला ओढणी लावून आत पळाली. चंदरनं लक्ष दिलं नाही. त्यानं बँकरला उचलून समारंभानं आत ठेवलं. बँकरनं मान बाहेर काढली, एक पाय उचलला, खडीवर टेकला, मागं घेतला. दुसरा टेकला, मागं घेतला. मग चारी पाय आणि मान आत ओढून तो गोळा होऊन बसला. शनिवारीही तिथंच. जयवंताबाईंचं गवत तोंडापुढं सुकत राहिलं आणि त्यानं त्याला तोंड लावलं नाही.

रविवारी डॉक्टरबाई आल्या. बांध बघून त्यांनी मान डोलावली, वळणं बघून तर खूशच झाल्या. "कोपरे नकोतच, हे कोपऱ्यात अडकून बसतात. हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मग त्यांची नजर खाली गेली.

"काका, याच्यावर तो चालणार कसा?"

चंदरनं वाकून एक खडा उचलला आणि अंगठ्यानं त्याची धार पाहिली.

"पाय सोलून निघतील त्याचे. आणि चरायला काय आहे इथं? दोन दिवस खाल्लं नाही म्हणता..." त्यांनी बँकरला उचलून पाय तपासले, आणि मग चंदरच्या तोंडाकडे बघून आवाज खाली आणला. "अजून एक आठवडा देते. केंद्रवाल्यांना तसं सांगते. पण पुढच्या रविवारी शेवटचं, काका. पाऊस दारात आहे."

त्या दिवशी चंदर दुपारी जेवला नाही. अंगणातल्या जांभळीखाली पाट टाकून बसला. जी एकच गोष्ट आपल्याला येते असं आयुष्यभर वाटलं, तीच आपण चुकवली, हा विचार त्याला सोडत नव्हता. हातोडा बाजूला पडून होता. कपिल एकदा दारातून डोकावला आणि आत गेला. शेडचा विषय त्यानं काढला नाही, आणि तेच चंदरला जास्त लागलं.

पारूबाई आली. तिनं नवऱ्याचा हात धरून त्याला उठवलं आणि बांधापाशी नेलं.

"काडा चप्पल."

"आं?"

"काडा म्हंते ना. आन् चाला ह्याच्यावरनं, ह्या टोकापासनं त्या टोकापातुर."

चंदर अनवाणी खडीवर उतरला. पहिल्या पावलाला "आई गं" झालं, दुसऱ्याला त्याहून मोठं काहीतरी झालं. छत्तीस वर्षं तो रोज खडीवरून चालला होता, पण सरकारी बुटात. खडी पायाला काय करते हे त्याच्या पायांना आज पहिल्यांदा कळत होतं. मधोमध पोचून तो थांबला, ना पुढं जाववेना ना मागं, दोन्ही हात पसरून तारेवरच्या डोंबाऱ्यासारखा डुलू लागला. पारूबाईला हसू आवरेना. आणि मग चंदरलाही आवरेना. एका पायावर उभा राहून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसला.

"आगं, हात दे! मी पन बसू का आता गोळा हून?"

"ऐका आता माजं," पारूबाई त्याला बाहेर ओढत म्हणाली. तिचं माहेर खालापूरकडचं, भातशेतीचं. लग्नापर्यंत तिचे पाय चिखलातच होते. "खडी चांगली हाय, पन ती जिमिनीच्या आत ऱ्हायची चीज हाय. रुळाखाली दिसते म्हनून वर नाय टाकायची. तिच्यावर मुरूम घाला, मुरमावर माती, आन् मातीत हरळी लावा. हरळीची मुळं माती धरत्यात. पानी खाली जातं, माती वर ऱ्हाते. आमी राबाला, भाताच्या रोपांना, असाच वाफा करायचो, उतार दिऊन."

चंदर तिच्याकडे बघतच राहिला. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईनं त्याला भात, भाजी आणि टोमणे वाढले. इंजिनियरिंग आज पहिल्यांदाच वाढलं.

"गँगला मुकादम तूच पायजे व्हतीस," तो म्हणाला.

"घरची गँग सांबाळली ती काय कमी हाय?" ती म्हणाली आणि पदर खोचला.

आठवडाभर अंगणात जत्रा होती. खडी वाया गेली नाही, जागच्या जागी खाली दबली. वर मुरूम आला, चोपून बसवला गेला. माती पारूबाईनं निवडून चाळून घेतली, एका खड्याला आत शिरू दिलं नाही. नदीकाठची हरळी मुळासकट खणून जयवंताबाई, भाग्यश्री आणि गल्लीतल्या आणखी चार बायकांनी टोपल्या भरभरून आणली आणि भात लावतात तशी वाकून, गप्पा मारत लावली. मधली जमीन उंच, कडेला उतार. बांधाच्या तळाशी पाणी बाहेर पडायला भोकं, आणि भोकांच्या बाहेर चर. तो चर थेट जयवंताबाईंच्या अळूत सोडला. बुधवारपासून कपिलही दिसू लागला. कारखान्यातून यायचा, कपडे बदलायचा आणि घमेली उचलायचा. उंच चौथऱ्यावर कासवाचं घर झालं, पुढं पडवीसारखं छप्पर आलं, तेव्हा त्यानं आत दिव्याची वायर ओढून दिली. "थंडीत ऊब लागते म्हणे त्याला," एवढंच म्हणाला. या पोरानं मोबाईलवर कासवाविषयी बरंच काही शोधून पाहिलं होतं, हे चंदरला तेव्हा कळलं.

शनिवारी संध्याकाळी बँकर आत सोडला. त्यानं एक पाय टेकला. दुसरा टेकला. मग मान लांब काढली आणि बांधाच्या कडेकडेनं चालू लागला. पहिल्या वळणावर थबकला नाही, दुसऱ्यावर थबकला नाही. वळणं होतीच तशी. एक पुरी फेरी झाली तेव्हा गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. बँकरनं त्यांच्याकडे साफ दुर्लक्ष करून हरळीचा पहिला घास तोडला, आणि चंदरनं घरात जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

रविवारी सकाळी बुद्धविहारातून वंदना आटपून गल्लीतली माणसं परस्पर चंदरच्या अंगणात आली. डॉक्टरबाई आल्या, त्यांनी हरळीवरून हात फिरवला, घरात वाकून पाहिलं, चरात पाहिलं. "छान आहे. फारच छान. पण काका, आज सगळं कोरडं आहे. जुलैत इथं पाणी साठणार नाही हे मी कशावरून समजू?"

चंदर याच प्रश्नाची वाट बघत होता. "गजा!" त्यानं हाक मारली.

गजानं टेंपो रिव्हर्स घेतला. मागं हजार लिटरची टाकी, काठोकाठ भरलेली. गल्लीतल्या लोकांनी हंडे, बादल्या, घमेली, एकानं तर बाळाच्या आंघोळीची परात उचलून रांग धरली. चंदर चौथऱ्याशेजारी उभा राहिला. सरकारी झेंडी जमा झालेली, म्हणून हातात भाग्यश्रीची जुनी लाल ओढणी. बँकर घरात, दारातून मान काढून हा तमाशा बघत होता.

"सोडा!" ओढणी खाली आली.

आणि दहिवलीत ढगाशिवाय पाऊस पडला. हंडे रिकामे होत, टाकीखाली जात, भरून येत. पाणी माणसांच्या डोक्यावरून गेलं, बांधावरून आत पडलं, डॉक्टरबाईंच्या पायातल्या चपला भिजल्या, जयवंताबाईंनी तर घाईत एक बादली चंदरच्याच अंगावर ओतली. पारूबाई कडेला उभी राहून ओरडत होती, "हरळीवर आडवं मारू नगा रं, वरनं सोडा, वरनं!" टाकी संपली. सगळे थांबले. हरळी चमकत होती, आणि तिच्यावर पाण्याचं एक तळवाभर डबकंही नव्हतं. बांधाखालच्या भोकांतून पाणी स्वच्छ निथळत होतं, चरातून पळत होतं आणि जयवंताबाईंच्या अळूत शिरत होतं. चंदरनं वाकून कासवाच्या घराच्या तळाला हात लावला आणि तो कोरडा हात डॉक्टरबाईंपुढं धरला.

"राहिला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बँकर इथंच राहिला."

मग जो ओरडा झाला त्यानं बँकर घाबरून आत गेला.

चहा झाला. डॉक्टरबाईंनी पिशवीतून कागद काढले, वर आबाजीनं जुन्या मालकाकडून आणलेलं पत्र. नाव, पत्ता, जनावराचं वर्णन, अंदाजे वय बारा. चंदरनं एकेका ठिकाणी सही केली. शेवटच्या पानावर डॉक्टरबाई थांबल्या.

"इथं एक नाव लागेल, काका. तुमच्यानंतर कोण?"

"म्हंजे?"

"ही कासवं सत्तर-ऐंशी वर्षं जगतात. कधी जास्त. तुमचं वय एकसष्ट. ही जागा रिकामी ठेवून मला कागद पुढं पाठवता येणार नाहीत."

चंदर कागदाकडे बघत राहिला. घाटात संध्याकाळी बीट संपली की वहीत लिहायचं आणि दुसऱ्याच्या हवाली करायचं. बीट कधी बिनमाणसाची राहत नसते. तो गेल्यानंतरही ठाकुरवाडीला दुसऱ्या सकाळी दुसरा चावीवाला चालला होताच. पण इथं कोण? त्याला कपिलची शेड आठवली, गाडी आठवली, आणि कुणावर ही बीट लादायची त्याला हिंमत होईना. त्याचं तोंड उतरलं.

कपिलनं पुढं होऊन टेबलावरचं पेन उचललं. "माझं लिहितो."

"आन् तुजी गाडी?" चंदरनं विचारलं.

"गाडी रस्त्यावर राहते," कपिल म्हणाला. "तुम्हीच म्हणालात ना."

लोक हसले. चंदर हसला नाही. त्यानं पोराच्या हातावर हात ठेवून पेन थांबवलं. "असं नाय. सही नंतर. आदी बीट चाल." आणि जांभळीला टेकवलेला हातोडा त्यानं कपिलच्या हातात दिला. खैराच्या दांड्याचा हातोडा. आजवर त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

लहानपणी सुट्टीत कपिल बापाचा डबा घेऊन घाटात जायचा, तेव्हा चंदरनं त्याला शिकवलं होतं, डोळे मिटून ऐक, चावी आपण होऊन सांगते. कपिलनं आत उतरून बांधाच्या पहिल्या दगडाला टोला मारला. ठक. दुसऱ्याला. ठक. सगळी गल्ली, डॉक्टरबाईंसकट, कान देऊन ऐकत होती. मागून बँकर बाहेर आला आणि आपल्या चालीनं त्याच्यामागं बांधाच्या कडेनं निघाला. दोन वळणं गेली. तिसऱ्या वळणावर कपिलनं टोला मारला, थांबला, डोळे मिटले, पुन्हा मारला.

"बाबा, हा पोकळ वाजतो."

चंदर आत आला. आज पहाटेच त्यानं सगळा बांध ठोकला होता आणि हा दगड 'घट्ट हाय' म्हणून सोडला होता. त्यानं वाकून बोट लावलं. दगडाखालची चिप खरंच सरकली होती. पोरानं बापाच्या बीटवरची सैल चावी शोधली होती. चंदरला शरम वाटायला हवी होती, पण त्याच्या मनात जे आलं ते त्यापासून फार लांबचं होतं. त्याचे डोळे भरले. त्यानं खिशातून एक चिप काढून पोराच्या हातात ठेवली आणि कपिलनं दोन टोल्यांत ती बसवली. आता दगड खणखणीत वाजला.

"जा," चंदर म्हणाला, "लिही तुजं नाव."

सोमवारी सकाळी केंद्राची गाडी आली नाही. चंदरला मात्र सवयीनं सहाला जाग आली. तो उठून बसला आणि हातोड्यासाठी उशाशी चाचपू लागला. हातोडा नव्हता. तेवढ्यात मागच्या अंगणातून आवाज आला. ठक. दोन पावलं. ठक. दोन पावलं. ठक.

"निजा," पारूबाई कुशीवर वळत म्हणाली. "तुमचा मानूस बीटवर गेलाय."

चंदर कान देऊन ऐकत राहिला. पहिलं वळण, दुसरं, तिसरं, चौथं. सगळं घट्ट होतं. मग त्यानं पाय लांब केले, चादर छातीपर्यंत ओढली, आणि छत्तीस वर्षांची नोकरी अधिक एक वर्षाची निवृत्ती एवढ्या काळात पहिल्यांदाच तो साडेसातपर्यंत झोपला.